बोअर करून घेतलेल्या आरएक्स१०० ला कुठलं पेट्रोल? साधं, ९५ की १०० ऑक्टेनचं?

साताऱ्याचा_आरएक्स | ३ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही.

बाबांची १९९३ ची यामाहा आरएक्स१०० आहे. गोठ्याच्या बाजूच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ११ वर्षं पडून होती. यंदा मे महिन्यात तिचं इंजिन पूर्ण उघडून काम करून घेतलं. बोअर ०.५० ओव्हरसाइज (म्हणजे सिलिंडरचा व्यास अर्धा मिमी मोठा), नवीन पिस्टन-रिंग, कनेक्टिंग रॉड किट, क्रँकचे बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील. हेडवर जुने चरे होते म्हणून मिस्त्रींनी लेथवर फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करून आणलं. ऑइल पंपाची केबल तुटलेली होती, त्यामुळे पंप बंद करून टाकीतच लिटरला ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळायला सांगितलं.

गाडी देताना मिस्त्री म्हणाले, "कॉम्प्रेशन वाढलंय, आता हिला शंभरचंच पेट्रोल घाला." दुसऱ्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, की या गाड्या साध्या पेट्रोलवरच वाढल्या, उगाच पैसे घालवू नका.

३५० किमी झाले. सपाटीवर गाडी सुंदर चालते. पण यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरवर थ्रॉटल दिला की पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवावेत तसा आवाज येतो. एक्सपी१०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) घालून पाहिलं. आवाज कमी झाला, गेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे गाडी उभीच होती, गेल्या रविवारी काढली तर स्टार्ट व्हायलाच त्रास. आता आणखी एक लक्षात येतंय, की रेस सोडली तरी इंजिनाचे फेरे लगेच खाली येत नाहीत.

दसऱ्याला बाबांना त्यांच्या गाडीवर बसवून कासला न्यायचं आहे. त्यांचं वय ६८. पिस्टन चिकटून रस्त्यात चाक लॉक व्हावं असं काही मला होऊ द्यायचं नाही. कायमसाठी कुठलं पेट्रोल घालू?

घाटमाथा | ३ सप्टेंबर, रात्री १०.१५

एक्सपी१०० डोळे झाकून. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त ताकदीचं. माझ्या शोगनला मी तेच घालतो, पिकअपमध्ये फरक कळतो. दीडपट पैसे जातात, पण इंजिनावर एवढा खर्च केल्यावर पेट्रोलवर काय वाचवायचं?

रसायन_आणि_रस्ता | ३ सप्टेंबर, रात्री ११.०५

घाटमाथा, इथे थोडी दुरुस्ती करतो. मी काही वर्षं इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलंय, ऑक्टेनचं इंजिन स्वतः चालवलंय.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल आपणहून पेट घेत नाही, ठिणगीची वाट बघतं. ही वाट बघण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला १०० धरलं, नॉर्मल हेप्टेनला ०, आणि एका सिलिंडरच्या खास इंजिनात तुलना करून आकडा काढतात. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर काढला तो रॉन. ९०० फेऱ्यांवर, मिश्रण गरम करून काढला तो मॉन. पंपावर जो ९५ किंवा १०० लिहिलेला असतो तो रॉन.

इंजिनाला ९० लागत असेल आणि तुम्ही १०० घातलं, तर वरचे १० नुसते बसून राहतात. नुकसान नाही, फायदाही नाही. इंजिनाला ९६ लागत असेल आणि तुम्ही ९१ घातलं, तर मात्र ठिणगीने पेटवलेली ज्योत कडेपर्यंत पोचायच्या आत कडेचं मिश्रण एकदम भडकतं. घाटात छर्रे हलल्यासारखं ऐकू येतं ते हेच, यालाच ठोका म्हणतात. ते ऐकून सोडून द्यायचं नसतं, पिस्टनची कड त्याने खाल्ली जाते.

तेव्हा खरा प्रश्न असा, की या इंजिनाला मुळात किती लागतंय? ते मोजल्याशिवाय पेट्रोल निवडणं म्हणजे ताप न मोजता औषध घेणं.

जुना_चालक | ४ सप्टेंबर, सकाळी ६.५०

मी १९७८ पासून टू-स्ट्रोक चालवतोय. येझदी, राजदूत, मग आरएक्स. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, इंजिनं टिकायची. शिसं काढलं तेव्हापासून गाड्यांची तब्येत गेली, असं माझं मत.

रसायन_आणि_रस्ता | ४ सप्टेंबर, सकाळी ८.२०

काका, शिशाचा उपयोग दोन ठिकाणी होता. एक, ऑक्टेन वाढवायला. दुसरा, फोर-स्ट्रोकच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजू नये म्हणून. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसतो, त्यामुळे दुसरा फायदा आपल्या गाड्यांना कधी मिळालाच नाही. उलट शिशाचा थर प्लगवर बसायचा, हे तुम्हीही पाहिलं असेल.

ऑक्टेनचं म्हणाल तर आरएक्स१०० आली १९८५ मध्ये. त्या काळी आपलं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं होतं, शिसं धरून. देशभरातलं शिसं गेलं २००० च्या फेब्रुवारीत. बीएस-३ हे प्रदूषणाचं मानक आल्यावर साधं पेट्रोल ९१ झालं, आणि आता ई२० साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मानकात किमान रॉन ९५ आहे. म्हणजे कंपनीच्या मापातली आरएक्स जेवढं मागते त्यापेक्षा आजचं सगळ्यात साधं पेट्रोल कागदावर कितीतरी पुढे आहे. तरीही धागाकर्त्याची गाडी आवाज करते, याचा अर्थ इंजिनात किंवा मिश्रणात काहीतरी बदललंय.

जुना_चालक | ४ सप्टेंबर, सकाळी ८.५५

प्लगवरच्या थराचं खरं आहे. दर महिन्याला प्लग काढून ब्रशने घासायचो. ही माहिती मला नव्हती, आभार.

उद्यमनगर_लेथ | ४ सप्टेंबर, दुपारी १.३०

कोल्हापूरहून. माझं स्वतःचं लेथ आहे, टू-स्ट्रोकचे हेड आणि बोअर बावीस वर्षं करतोय.

धागाकर्ते, मिस्त्रींनी हेडला किती फेसिंग मारलं ते विचारलं का? चरा जाईपर्यंत घेतलं, असं उत्तर येईल. हेडमधून पाव मिमी गेलं तर फरक कळत नाही. एक मिमी गेलं तर गाडी दुसरीच होते. ९८ सीसीच्या इंजिनात हेडची पोकळी दहा सीसीच्या आत असते. तिथला अर्धा सीसीसुद्धा मोठा.

हेड आता काढू नका. आधी हे करा.

प्लग काढा. गाडी अशी कलती करा, की प्लगचं भोक सरळ आकाशाकडे येईल. पिस्टन एकदम वर आणा. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, त्यात टू-टी ऑइल आणि रॉकेल किंवा डिझेल निम्मं-निम्मं भरा, आणि प्लगच्या आट्यांच्या तळापर्यंत थेंब-थेंब सोडा. किती मिली गेलं ते लिहा. पातळी लगेच खाली जात असेल तर रिंगमधून गळतंय, मग हेड काढून पिस्टनच्या कडेला ग्रीस लावून पुन्हा मोजावं लागेल.

दुसरं माप. सायलेन्सर सोडा. एक्झॉस्ट पोर्टमधून बघत पिस्टन हळूहळू वर न्या. पोर्ट पूर्ण झाकला गेला तिथे थांबा, आणि तिथून पिस्टन वरच्या टोकापर्यंत किती मिमी चढतो ते व्हर्निअरच्या दांडीने मोजा. टू-स्ट्रोकमध्ये खरं कॉम्प्रेशन पोर्ट बंद झाल्यावरच सुरू होतं. पूर्ण ५० मिमी स्ट्रोक धरून हिशेब केला तर भलताच आकडा येतो आणि माणूस घाबरतो. कंपनीचा ६.७ हा आकडाही पोर्ट बंद झाल्यापासूनचा आहे.

तिसरं माप. दोन मिमी जाडीची मऊ सोल्डर तार वाकवून प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाला, पिस्टनच्या पिनच्या दिशेने. हाताने मॅग्नेट फिरवून पिस्टन एकदा वरून न्या. तारेचं टोक किती चेपलं ते मायक्रोमीटरने किंवा व्हर्निअरने मोजा. हा तुमचा स्क्विश.

ही तीन मापं इथे टाका, मग बोलू.

चेतकवाली | ४ सप्टेंबर, सायंकाळी ७.१०

मापं येईपर्यंत एक वेगळी गोष्ट सांगते, कारण दादांनी 'पावसात गाडी उभी होती' आणि 'टाकीत ऑइल मिसळतो' हे दोन्ही लिहिलंय.

माझ्याकडे आजोबांची बजाज चेतक आहे, जुनी टू-स्ट्रोक. तिला ऑइल पंप नाही, टाकीतच २ टक्के मिसळायचं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये अर्धी टाकी ठेवून रत्नागिरीला घरी उभी केली. ऑक्टोबरमध्ये काढली. सुरू झाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि चिकटली. इंजिन उघडलं तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. मिस्त्रींनी माझ्यावर ठपका ठेवला, की ऑइल घालायला विसरलात. मी विसरले नव्हते, माप माझ्या डायरीत लिहिलेलं होतं.

टाकीतलं उरलेलं पेट्रोल मी काचेच्या बरणीत काढलं, आणि ते दृश्य मला आजही आठवतं. बरणीत दोन थर. वर हिरवट थर, त्यात टू-टीचा रंग. खाली बोटभर जाडीचा थर, जवळजवळ बिनरंगी, पाण्यासारखा. बरणी हलवली तर मिसळल्यासारखं व्हायचं, पाच मिनिटांत पुन्हा दोन थर. पेट्रोलचा कॉक टाकीच्या तळातून ओढतो. म्हणजे माझ्या इंजिनाला त्या दिवशी तो खालचा थर मिळाला. त्यात ऑइल नव्हतं.

रसायन_आणि_रस्ता | ४ सप्टेंबर, रात्री ९.००

चेतकवाली, तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे, आणि या धाग्यात ते आलं हे फार बरं झालं.

ई२० मध्ये पाचवा भाग इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी म्हणजे चार महिने दमट हवेचा श्वास. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं तोवर थोडं पाणी विरघळून राहतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर वर राहतं.

आता याचा ऑक्टेनशी संबंध बघा. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८ च्या आसपास. ई२० चा ९५ हा आकडा बराचसा त्याच्या जिवावर उभा आहे. इथेनॉल तळाला गेलं की वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. पंपावर घेतलं तेव्हा ९५ असेल, इंजिनात जाताना ते ९५ राहिलेलं नसतं. खालचा थर इंजिनाला वंगण देत नाही आणि वरचा थर ठोके रोखू शकत नाही.

धागाकर्ते, तुमच्या टाकीत आत्ता जे काही आहे ते पूर्ण काढून टाका. कार्ब्युरेटरची वाटीसुद्धा रिकामी करा.

घाटमाथा | ४ सप्टेंबर, रात्री ९.२५

मग इथेनॉल किती आहे हे घरी कळतं का?

रसायन_आणि_रस्ता | ४ सप्टेंबर, रात्री ९.५०

कळतं. १०० मिलीचा मोजपात्राचा उभा सिलिंडर घ्या. त्यात १० मिली पाणी आणि वर ९० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल नसेल तर पाण्याची रेघ १० वरच राहते. ई२० असेल तर रेघ सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास चढते. मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

भेसळीची शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता मोजून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. स्वच्छ पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. रॉकेलची भेसळ असेल तर तेलकट डाग राहतो, आणि रॉकेलने ऑक्टेन झपाट्याने पडतो.

न्यूजर्सीकर_आरडी | ५ सप्टेंबर, पहाटे ४.३०

वाचतोय, फार उपयुक्त धागा. माझ्याकडे १९७३ ची आरडी३५० आहे, म्हणजे आपल्या राजदूत ३५० ची थोरली बहीण. एक गोष्ट जोडतो, कारण बरेच जण अमेरिकन मंचांवरचे आकडे वाचून गोंधळतात. इथे पंपावर ८७, ८९, ९३ असं लिहिलेलं असतं. तो रॉन नाही, रॉन आणि मॉनची सरासरी आहे. इथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१-९२. 'अमेरिकेत ८७ वर चालते, मग आपल्याकडे ९१ म्हणजे चैन' हा हिशेब चुकीचा आहे, दोन्ही जवळपास एकच.

हिवाळ्यात गाडी चार-पाच महिने उभी राहते. तेव्हा मी बोटींसाठी मिळतं ते बिनइथेनॉलचं पेट्रोल भरून ठेवतो. वसंतात दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते.

उद्यमनगर_लेथ | ५ सप्टेंबर, सकाळी ९.१५

आरडीवाल्या दादांनी मॉनचा विषय काढला ते चांगलं केलं. हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक घाटात तापलं, की ते मॉनच्या चाचणीसारख्या परिस्थितीत असतं. इथेनॉलचा रॉन मोठा, पण मॉन नव्वदच्या आसपास. म्हणून ई२० चा ९५ आणि बिनइथेनॉलचा ९५ घाटात सारखा वागेलच असं मी गृहीत धरत नाही.

आणि जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या जेटच्या भोकाचं माप. ते कोणी बोललंच नाही अजून.

रसायन_आणि_रस्ता | ५ सप्टेंबर, सकाळी १०.००

बरोबर. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, एक ग्रॅम इथेनॉलला ९. ई२० ला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. १९९३ मध्ये बसवलेली जेट तेवढंच इंधन सोडते आणि मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी पातळ होतं. पातळ मिश्रण गरम जळतं, गरम इंजिन जास्त ऑक्टेन मागतं. एक्सपी१०० मध्ये इथेनॉल नसतं. धागाकर्त्याचा आवाज त्याने कमी झाला तो फक्त ऑक्टेनमुळेच झाला असं म्हणता येणार नाही. मिश्रण परत मूळ जाडीवर आलं, हेही त्यामागे असू शकतं.

घाटमाथा | ५ सप्टेंबर, सकाळी १०.२०

म्हणजे माझ्या शोगनचा पिकअप...?

रसायन_आणि_रस्ता | ५ सप्टेंबर, सकाळी १०.३५

शक्य आहे. मेन जेट एक नंबर मोठी टाकून साधं पेट्रोल घालून बघा. फरक तोच जाणवला तर उत्तर मिळेल.

साताऱ्याचा_आरएक्स | ७ सप्टेंबर, सायंकाळी ६.३०

सर्वांचे मनापासून आभार. मापं घेतली.

टाकी बरणीत रिकामी केली. दोन थर स्पष्ट नव्हते, पण तळाशी गढूळ, दुधाळ पाण्याचे गोळे फिरत होते. ते बघून पोटात खड्डा पडला. त्या पेट्रोलवर मी गेल्या रविवारी दहा किमी गेलो होतो.

सिरिंजने ८.० मिली गेलं. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच, पातळी टिकून राहिली. पोर्ट झाकल्यापासून वरच्या टोकापर्यंत २७.५ मिमी. सोल्डर चेपून ०.९५ मिमी. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, चरा खोल होता, पाऊण मिमी तरी घेतलं असेल.

उद्यमनगर_लेथ | ७ सप्टेंबर, रात्री ८.४५

छान मोजलंत. हिशेब मांडतो म्हणजे पुढे कोणालाही करता येईल.

बोअर ५०.५ मिमी, त्याचं क्षेत्रफळ २०.०३ चौरस सेमी. गुणिले २.७५ सेमी, म्हणजे ५५.१ सीसी. त्यात पोकळीचे ८ मिळवा, ६३.१. भागिले ८. कॉम्प्रेशन ७.९ आलं. कंपनीचं ६.७.

माझ्या अनुभवात रस्त्यावर चालणाऱ्या, हवेवर थंड होणाऱ्या गाडीला सातपर्यंत ९१ चं पेट्रोल पुरतं. साडेसातला ९५ लागतं, आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जरासुद्धा पुढे असून चालत नाही. आठच्या जवळ गेलात तर शंभरच्या पेट्रोलवरही घाटात जपून. तुमचे मिस्त्री त्या अर्थाने खोटं बोलले नाहीत. पण गाडीला महागड्या पेट्रोलवर बांधून ठेवण्यापेक्षा हेड दुरुस्त करणं बरं. उद्या कासला पोचल्यावर पेट्रोल संपलं आणि बाटलीतलं साधंच मिळालं तर काय करणार?

घाटमाथा | ७ सप्टेंबर, रात्री ९.००

सोपं आहे. हेडखाली अर्धा मिमीचं तांब्याचं पॅकिंग टाका. पोकळी एक सीसीने वाढेल, कॉम्प्रेशन ७.१ वर येईल. शंभर-दोनशे रुपयांत काम.

उद्यमनगर_लेथ | ७ सप्टेंबर, रात्री ९.३०

हिशेब बरोबर आहे, पण मी ते करणार नाही. कारण सांगतो.

हेडच्या कडेला जी सपाट पट्टी असते ती आणि पिस्टन यांच्यामधली फट म्हणजे स्क्विश. पिस्टन वर येताना तिथलं मिश्रण दाबून मधल्या वाटीत ढकललं जातं, घुसळण होते आणि ज्योत लवकर पसरते. फट अरुंद असेल तर कडेला उरलेलं थोडंसं मिश्रण थंड धातूला चिकटून राहतं, भडकायला धजत नाही. ठोका सुरू होतो तो नेमका याच कडेला.

यांच्या हेडला फेसिंग मारल्यामुळे स्क्विश ०.९५ झालाय. त्याआधी तो १.७ च्या घरात असणार. म्हणजे मिस्त्रींच्या हातून नकळत एक चांगली गोष्ट झालीय. पॅकिंग टाकलंत तर फट १.४५ होईल आणि ती चांगली गोष्ट हातची जाईल. कॉम्प्रेशन उतरेल, तरी ठोक्याची भीती जेवढी जायला हवी तेवढी जाणार नाही.

करायचं ते असं. कडेची पट्टी तशीच ठेवायची आणि मधली वाटी लेथवर आतून मोठी करायची. सव्वा सीसी काढलं की झालं. स्क्विश ०.९५ आणि कॉम्प्रेशन सातच्या आत, दोन्ही मिळतं. वाटीची धार गोल करून पॉलिश करायची, कारण तिथे टोकदार कड राहिली तर तीच तापून लाल होते.

पण त्याच्या आधी हवेची गळती शोधा. रेस सोडल्यावर फेरे खाली येत नाहीत असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय तुम्ही. ते ऑक्टेनचं लक्षण नाही. कुठून तरी फुकटची हवा आत जातेय.

आणि सगळं एकदम बदलू नका. एक काम करा, घाट चढा, मग दुसरं.

घाटमाथा | ७ सप्टेंबर, रात्री ९.४०

पटलं. मी स्वतः पॅकिंगवाला उपाय दोन गाड्यांना केलाय, आता त्यांचा स्क्विश मोजणार.

जुना_चालक | ८ सप्टेंबर, सकाळी ७.००

हवेच्या गळतीसाठी सोपी पद्धत. इंजिन सुरू ठेवून कार्ब्युरेटरच्या रबरावर आणि बोअरच्या खालच्या पॅकिंगभोवती साबणाचं पाणी ब्रशने लावा. फेरे बदलले की तिथेच गळती. मॅग्नेट साइडचं सील असं दिसत नाही, त्यासाठी कव्हर काढून ओल बघावी लागते. क्लच साइडचं गेलं असेल तर पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल आपोआप कमी होत जातं.

साताऱ्याचा_आरएक्स | १४ सप्टेंबर, रात्री ८.००

आठवडाभरातली प्रगती.

गळती सापडली. कार्ब्युरेटर आणि रीड व्हॉल्व्हच्या मधलं रबर. वरून अगदी धडधाकट, हाताने वाकवलं तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडते. बाकी सगळं नवीन घातलं आणि ११ वर्षं उन्हात वाळलेलं हे एक रबर जुनंच राहिलं. नवीन टाकलं. आता रेस सोडली की फेरे लगेच खाली येतात. साधं ताजं पेट्रोल घालून यवतेश्वर चढलो, आवाज निम्मा झाला होता.

मग मेन जेट एक पायरी मोठी टाकली. आवाज फक्त शेवटच्या तीव्र वळणावर, तेही तिसऱ्यातच. दुसऱ्यात टाकलं की नाही.

प्लग काढून भिंगाने पाहिला. पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणाएवढे तीन-चार चमकते ठिपके आहेत. हे काय असतं?

उद्यमनगर_लेथ | १४ सप्टेंबर, रात्री ८.२०

ते तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम. ठोक्यांनी उडालेलं. आता हेडचं काम होईपर्यंत घाट चढू नका. हेड घेऊन या, सोडल्याबरोबर पिस्टनच्या डोक्याचा फोटो काढा.

साताऱ्याचा_आरएक्स | २१ सप्टेंबर, दुपारी ४.१५

हेड घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो. लेथवाल्या दादांनी समोर उभं करून काम केलं. हेड काढल्यावर पिस्टनच्या कडेला, एक्झॉस्टच्या बाजूला, बारीक वाळू मारल्यासारखा खडबडीत पट्टा दिसला. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. दादा म्हणाले, पिस्टन वाचलाय, अजून पाचशे किमी असंच गेलं असतं तर रिंगची कड तुटली असती. बारीक पेपरने तो भाग साफ केला.

वाटी उघडून पुन्हा सिरिंजने मोजलं. ९.२ सीसी. कॉम्प्रेशन बरोबर ७.०. स्क्विश पूर्वीचाच. टायमिंगही तपासलं, ते जागेवर होतं.

त्यांच्याच सांगण्यावरून ऑइल पंपही परत चालू केला. नवीन केबल, पंपातली हवा काढली, खुणेला खूण जुळवली. आता टाकीत फक्त पेट्रोल आणि ऑइल त्याच्या वेगळ्या टाकीत. पंपाची पहिली टाकी संपेपर्यंत पेट्रोलमध्येही लिटरला १५ मिली ठेवलंय, पंप नीट ओढतोय याची खात्री होईपर्यंत.

चेतकवाली | २१ सप्टेंबर, सायंकाळी ५.००

पंप परत लावलात हे फार चांगलं. तळाला पाणी गेलं तरी ऑइल इंजिनाला मिळत राहील. मला चेतकमध्ये ती सोय नाही. म्हणून मी आता जूनच्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही पूर्ण कोरडी करते.

एक शंका. ऑइल जास्त मिसळलं तर इंजिन जास्त सुरक्षित, असं माझे मिस्त्री म्हणतात. खरं का?

उद्यमनगर_लेथ | २१ सप्टेंबर, सायंकाळी ६.१०

एका मर्यादेपर्यंत. जेटमधून ऑइल आणि पेट्रोल एकत्रच जातं. ऑइल वाढवलं तेवढं पेट्रोल कमी गेलं, म्हणजे मिश्रण पातळ. शिवाय ऑइलचा स्वतःचा ऑक्टेन फार कमी, आणि काजळी साठून पोकळी लहान होते. चेतकला २ टक्के सांगितलंय तर २ टक्केच. ऑइल चांगलं घ्या, डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघून.

साताऱ्याचा_आरएक्स | २८ सप्टेंबर, रात्री ९.३०

आज सकाळी यवतेश्वर मुद्दाम तिसऱ्या गिअरवर चढलो. साधं पेट्रोल, काल संध्याकाळी भरलेलं. शेवटच्या वळणावरही आवाज नाही. वर पोचल्यावर गाडी लगेच बंद करून प्लग काढला. फिकट चॉकलेटी, ठिपका एकही नाही. उतरून तीनदा तेच केलं. पेट्रोल पंधरा दिवसांत संपेल एवढंच भरायचं ठरवलंय.

एक्सपी१०० चं माझ्यापुरतं असं ठरलं, की पुढच्या जूनमध्ये गाडी पावसासाठी उभी करण्याआधी टाकी त्याने गळ्यापर्यंत भरायची, पाच किमी फिरवून कार्ब्युरेटरमध्येही तेच आणायचं, मग कॉक बंद करून वाटी रिकामी करायची. त्या चार महिन्यांसाठी त्यात इथेनॉल नाही याचे पैसे द्यायला मी तयार आहे.

बाबांनी आज स्वतः किक मारली. दुसऱ्या किकला सुरू झाली. ते बराच वेळ नुसते हँडल धरून उभे होते. मग म्हणाले, "आवाज तोच आहे रे."

न्यूजर्सीकर_आरडी | २८ सप्टेंबर, रात्री ११.५०

हे वाचून फार आनंद झाला. काकांना नमस्कार सांगा. मेन जेट शेवटी किती पायऱ्या मोठी ठेवलीत? हेडची वाटी मोठी केल्यावर परत बदलावी लागली का?

साताऱ्याचा_आरएक्स | २९ सप्टेंबर, सकाळी ७.२०

नमस्कार सांगितला. मूळ जेटपेक्षा एकच पायरी मोठी. हेडची वाटी मोठी केल्यावर आणखी एक पायरी वाढवून पाहिली, तर वरच्या फेऱ्यांना गाडी अडखळायला लागली आणि प्लग काळा आला. म्हणून परत एकीवर आलो. सुईची क्लिप मधल्या खाचेतच आहे. दसऱ्यानंतर थंडी पडली, की प्लग पुन्हा बघणार आहे, हवा गार झाल्यावर मिश्रण आणखी पातळ होतं म्हणून.